सोनेरी माशांची औषधपेटी



आपल्यापैकीं बहुतेकांच्या घरीं औषधांची एक लहानशी पेटी असते. तींत कापूस, पट्टी, तापमापक, पोटदुखीच्या गोळ्या अशा चार वस्तु असतात, आणि रात्रींअपरात्रीं एखादें मूल कण्हूं लागलें म्हणजे तिची किंमत कळते. परंतु त्याच घराच्या दिवाणखान्यांत, कांचेच्या टांकींत, जे दोनचार सोनेरी मासे फिरत असतात, त्यांच्यासाठींहि अशी पेटी असावी हें फारच थोड्यांच्या मनांत येतें. मासा कण्हत नाहीं, ओरडत नाहीं. सकाळीं उठून पहावें तों तो पाण्यावर आडवा झालेला असतो आणि मुलें रडत असतात. ‘मासे असेच मरतात’ असें म्हणून आपण मुलांची समजूत घालतों व रविवारीं दुसरे मासे आणतों. आज मला आपणांस सांगावयाचें आहे तें हेंच कीं, मासे असेच मरत नाहींत. ते बहुधा आपल्या अज्ञानानें मरतात. आणि सांगावयास संकोच वाटतो, परंतु पुष्कळ वेळां ते आपल्या औषधानें मरतात.

सोनेरी मासा हा अल्पायुषी प्राणी आहे, असा एक गोड गैरसमज आपल्याकडे आहे. वस्तुतः हा कार्प माशांच्या कुळांतील अत्यंत चिवट जीव आहे. चीन देशांत सुमारें एक हजार वर्षांपूर्वीं, सुंग घराण्याच्या काळांत, करड्या रंगाच्या माशांत मधूनच निपजणारे तांबूस-पिवळे मासे निवडून, तळ्यांत व पुढें भांड्यांत त्यांची पैदास होऊं लागली. तेथून ते जपानांत गेले व सतराव्या शतकांत युरोपांत पोंचले. नीट निगा ठेवली तर हा मासा दहा, पंधरा, वीस वर्षेंहि जगतो. इंग्लंडांत यॉर्कशायरमधील एका जत्रेंत १९५६ सालीं बक्षीस म्हणून मिळालेला ‘टिश’ नांवाचा सोनेरी मासा १९९९ सालीं, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षीं वारला, अशी नोंद आहे. तेव्हां आपल्या घरीं जो मासा सहा महिन्यांत मरतो, तो आयुष्य सरलें म्हणून मरत नाहीं, हें प्रथम ध्यानांत घ्यावें.

मी राहतों तें शिळफाटा हें ठिकाण खोपोलीला लागून, बोरघाटाच्या पायथ्याशीं आहे. मुंबईस माशांविषयीं विचारावयास जागा आहेत. परळचें पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालापासूनचें. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था १९६१ सालची. मरीन ड्राइव्हवर १९५१ सालीं तारापोरवाला मत्स्यालय उघडलें, तेव्हांपासून मुंबईकर मुलांच्या कित्येक पिढ्यांना कांचेमागच्या माशांचें वेड लागलें. परंतु आमच्याकडे मासा आजारी पडला तर त्याला पिशवींत घालून आगगाडीनें कर्जतमार्गें मुंबईस न्यावें, तर तो बहुधा वाटेंतच प्राण सोडील. वैद्य दूर असला म्हणजे घरची पेटी जवळ हवी. कर्जत-खालापुरासारख्या गांवांची जी स्थिति, तीच थोड्याफार फरकानें सर्व लहान शहरांची आहे. म्हणून हा विषय मीं निवडला.

आतां माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतों. कारण या भाषणाचें मूळ तींतच आहे. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या नातवाच्या हट्टामुळें घरांत दोन सोनेरी मासे आले. माघ महिन्यांत एके दिवशीं नातू धांवत आला व म्हणाला, “आजोबा, माशाला कांजिण्या आल्या!” पाहिलें तों थोरल्या माशाच्या कल्ल्यांवरील झांकणांवर आणि पुढच्या परांच्या कडेला बारीक पांढरे ठिपके, मोजून दहापंधरा. माशांना ‘पांढऱ्या ठिपक्यांचा रोग’ होतो हें मीं कोठेंसें वाचलेलें होतें. मीं लगेच निळ्या औषधाची बाटली आणली व एक टोपणभर औषध टांकींत ओतलें. ठिपके गेले नाहींत. म्हणून दुसऱ्या दिवशीं आणखी एक टोपण, तिसऱ्या दिवशीं आणखी एक. आठवड्याच्या आंत दोन्ही मासे पाण्याच्या पृष्ठभागाशीं येऊन तोंड उघडमिट करूं लागले, आणि त्यांतला लहान मासा, ज्याला ठिपका म्हणून नव्हता, तो मेला.

पुढें चौकशी व वाचन केल्यावर मला जें कळलें त्यानें माझी मान खालीं गेली. विणीच्या हंगामांत वयांत आलेल्या नर माशाच्या कल्ल्यांवर व पुढच्या परांवर असे पांढरे कण येतात. तो रोग नव्हे, तारुण्याचें लक्षण होय. खऱ्या रोगाचे ठिपके अंगावर, शेंपटीवर, परांवर कोठेंहि विखुरलेले असतात, जणूं कोणीं रवा भुरभुरला आहे. आणि असा मासा अंग दगडांवर घासतो, पर मिटून बसतो. आमचा मासा तर खात होता, खेळत होता. म्हणजे मीं निरोगी माशाला औषध दिलें, आणि त्या औषधानें दुसरा निरोगी मासा मेला. नातवानें मला एकच प्रश्न विचारला : “आजोबा, औषध दिलें तर तो मेला कसा?” या प्रश्नाचें उत्तर देतां यावें म्हणूनच मीं पुढील सर्व माहिती मिळविली.

तें उत्तर असें आहे. मासा जें खातो त्यांतून अमोनिया नांवाचें विष तयार होतें व तें मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यांत उतरतें. उरलेलें अन्न व विष्ठा कुजूनहि तेंच विष निघतें. नदींत तें वाहून जातें. टांकींत जाईल कोठें? तेथें निसर्गच आपल्या मदतीस येतो. टांकींतील वाळूवर, गाळणीच्या स्पंजावर डोळ्यांस न दिसणारे उपकारक जंतु वस्ती करतात. त्यांतील कांहीं अमोनियाचें नायट्राइट करतात, तेंहि विषच. दुसरे कांहीं त्या नायट्राइटाचें नायट्रेट करतात, आणि तें पुष्कळसें निरुपद्रवी असतें. नव्या टांकींत ही वस्ती पुरती बसण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. माझ्या निळ्या औषधानें रोगाचे जंतु मारले नाहींत, कारण ते नव्हतेच. त्यानें हे उपकारक जंतु मारले. मग अमोनिया सांचत गेला व माशांचे कल्ले पोळले. घरांत कोणी आजारी नसतांना घरांतील भंगीकाम व मोऱ्या बंद कराव्यात, तसें हें झालें.

यावरून औषधपेटीचा पहिला नियम निघतो : पेटींतील पहिलें औषध म्हणजे स्वच्छ पाणी, आणि पहिलें उपकरण म्हणजे आपले डोळे. मासा सुस्त दिसला, पर मिटून बसला, अन्न टाकलें, वर येऊन धापा टाकूं लागला, कीं बाटलीकडे हात नेऊं नये. आधीं पाण्याची परीक्षा करावी. दहांतील बहुतेक आजार पाण्याचेच निघतात. म्हणून पेटींत सर्वांत आधीं तापमापक आणि अमोनिया व नायट्राइट तपासण्याचा संच ठेवावा. शोभिवंत माशांच्या दुकानांत तो मिळतो. नळींत पाणी घेऊन थेंब टाकावयाचे आणि रंग कागदावरील रंगांशीं ताडून पहावयाचा. आठव्या इयत्तेंतील मुलगाहि तें करूं शकेल. दोन्ही विषांचें प्रमाण शून्य असावें. तें शून्याहून वर दिसलें, तर चौथाई ते निम्मे पाणी बदलावें, एक दिवस खाणें बंद ठेवावें व दुसऱ्या दिवशीं पुन्हां तपासावें. निम्म्या रोग्यांना याहून दुसरें औषध लागत नाहीं.

तापमापकाचें महत्त्व आमच्याकडील उन्हाळ्यांत कळतें. सोनेरी मासा मूळचा थंड पाण्यांतला. १८ ते २४ अंश सेल्सिअस उष्णता त्याला मानवते. चैत्र-वैशाखांत आमच्या भागांत टांकीचें पाणी तीस अंशांच्या वर जातें. २० अंशांच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु विरघळून राहूं शकतो. ३० अंशांवर तो साडेसात मिलिग्रॅमांवर येतो. एकीकडे प्राणवायु कमी, दुसरीकडे उष्णतेनें माशाची प्राणवायूची गरज अधिक, आणि तशांत अमोनियाहि उष्ण पाण्यांत अधिक जहाल होतो. म्हणून टांकी उन्हांत ठेवूं नये, हवा सोडणारा पंप चालूं ठेवावा, व खाणें कमी घालावें. वळवाच्या पावसांत वीज गेली म्हणजे पंप बंद पडतो. त्यासाठीं बॅटरीवर चालणारा लहान पंप पेटीशेजारीं असावा. तोहि नसेल तर पेल्यानें टांकींतलेंच पाणी उचलून हातभर उंचीवरून पुन्हां टांकींत सोडीत रहावें. दर दहा-पंधरा मिनिटांनीं असें केल्यास मासे तगतात.

दुसरी वस्तु म्हणजे मापें. एक शिसपेन्सिल, एक पट्टी, दहा मिलिलिटरांची एक पिचकारी व स्वयंपाकघरांतील लहान विजेचा कांटा. ‘टोपणभर’, ‘चिमूटभर’ हीं मापें स्वयंपाकाचीं, औषधाचीं नव्हेत. आपल्या टांकींत पाणी किती आहे हें ज्याला ठाऊक नाहीं त्यानें औषध घालूं नये. हिशेब सोपा आहे. टांकीची लांबी, रुंदी व पाण्याची उंची सेंटिमीटरांत मोजून त्यांचा गुणाकार करावा व त्याला हजारानें भागावें, लिटर निघतात. समजा, लांबी ६०, रुंदी ३० व पाणी २५ सेंटिमीटर उंच. तर गुणाकार ४५,००० व पाणी ४५ लिटर. वाळू व दगड यांनीं व्यापलेली जागा वजा केली कीं सुमारें ४० लिटर राहतें. हा आंकडा कागदावर लिहून टांकीच्या पाठीमागें चिकटवून ठेवावा. जातां जातां सांगतों कीं, एवढ्या पाण्यांत एकच सोनेरी मासा सुखानें राहील, आणि तोहि लहान असेपर्यंत. वाटोळ्या कांचेच्या लहान भांड्यांत त्याला ठेवणें ही क्रूरताच होय. इटलींतील रोम शहरानें २००५ सालीं अशा भांड्यांस मनाई केली ती उगीच नव्हे.

तिसरी वस्तु : हायपो. ज्यांनीं पूर्वीं घरीं फोटो धुतले असतील त्यांना हे पांढरे स्फटिक आठवतील. शास्त्रीय नांव सोडियम थायोसल्फेट. नळाच्या पाण्यांत जंतुनाशासाठीं क्लोरीन असतो. आपल्याला तो बाधत नाहीं, पण माशाचे नाजूक कल्ले तो जाळतो. पावसाळ्यांत नद्यांना गढूळ पाणी आलें म्हणजे नळाच्या पाण्यांत ब्लीचिंग पावडरीचें प्रमाण वाढतें; त्या दिवसांत पाण्याला वास येतो तो सर्वांच्या परिचयाचा आहे. साधा क्लोरीन पाणी उघड्या बादलींत चोवीस तास ठेवल्यानें उडून जातो, आणि हाच उत्तम मार्ग. परंतु विषबाधेच्या वेळीं पाणी लगेच बदलावें लागतें, तेव्हां हायपो कामास येतो. १० ग्रॅम हायपो एक लिटर पाण्यांत विरघळवून बाटलींत ठेवावा. एक मिलिग्रॅम क्लोरीन नाहींसा करण्यास साधारण सात मिलिग्रॅम हायपो लागतो. क्लोरीन लिटरला दोन मिलिग्रॅम धरला, तर वीस लिटरांच्या बादलीस २८० मिलिग्रॅम, म्हणजे आपल्या बाटलींतील २८ मिलिलिटर पुरे. बादलींत घालून ढवळावें आणि मगच तें पाणी टांकींत सोडावें. विरघळवलेला हायपो फार दिवस टिकत नाहीं. महिन्यानें नवा करावा.

चौथी वस्तु आपल्या प्रत्येकाच्या घरीं आहे : मीठ. खडे मीठ, ज्यांत कांहीं मिसळलेलें नाहीं तें. गोड्या पाण्यांतल्या माशाच्या अंगांत बाहेरच्या पाण्याहून अधिक क्षार असतात. म्हणून पाणी सारखें त्याच्या शरीरांत शिरत असतें आणि तें बाहेर टाकण्यांत त्याची शक्ति खर्च होते. पाण्यांत थोडें मीठ घातलें कीं हा बोजा हलका होतो व ती शक्ति आजाराशीं झुंजण्यास मिळते. शिवाय मिठांतील क्लोराइड कल्ल्यांपाशीं नायट्राइटाची वाट अडवतें. थकलेल्या माशास लिटरला १ ग्रॅम पुरे. म्हणजे आपल्या ४० लिटरांस ४० ग्रॅम. खऱ्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगांत लिटरला ३ ग्रॅमपर्यंत न्यावें, पण एकदम नव्हे : १२० ग्रॅमांचे तीन भाग करून बारा-बारा तासांच्या अंतरानें, वेगळ्या भांड्यांत विरघळवून घालावेत. टांकींत पाणवनस्पति असतील तर त्या मिठानें मरतात. त्या आधीं काढाव्यात.

मिठाविषयीं एक त्रैराशिक मुलांकडून करवून घ्यावें. मीठ वाफेबरोबर उडत नाहीं. टांकींतलें पाणी आटलें आणि आपण साधें पाणी भरलें, तर मीठ तेवढेंच राहतें. त्या वेळीं आणखी मीठ घालावयाचें नाहीं. परंतु ४० लिटरांतून १० लिटर काढून टाकलें, तर चौथा हिस्सा मीठ गेलें. १२० ग्रॅमांच्या हिशेबानें फक्त ३० ग्रॅम घालावयाचें. दर वेळीं पुरती मात्रा घालणारे लोक नकळत टांकीचा समुद्र करतात.

ठिपक्यांच्या रोगाचा उपचार दोन दिवसांत कां आटोपत नाहीं तेंहि सांगितलें पाहिजे. हा रोग करणारा सूक्ष्म जीव माशाच्या त्वचेखालीं दडलेला असतो. तेथें त्याला औषध पोंचत नाहीं. पुरता वाढला कीं तो माशाला सोडून तळाशीं जातो, त्याच्यापासून शेंकडों पिल्लें होतात, आणि तीं पोहत नवा मासा शोधूं लागतात. या पोहण्याच्या अवस्थेंतच मीठ किंवा औषध त्यांना मारतें. पंचवीस अंशांच्या पाण्यांत हें चक्र आठवड्याच्या आंतबाहेर पुरें होतें. थंड पाण्यांत याहून अधिक दिवस लागतात. म्हणून ठिपके दिसेनासे झाले तरी उपचार दहा ते चौदा दिवस चालूं ठेवावा.

पांचवी वस्तु तें निळें औषध, मेथिलीन ब्ल्यू. ज्यानें माझा अपराध घडला त्यालाच मी पेटींत जागा देतों, कारण अपराध औषधाचा नव्हता. १८७६ सालीं जर्मनींत हा रंग कापड रंगविण्यासाठीं प्रथम तयार झाला, आणि १८९१ सालीं पॉल एर्लिख यानें तो हिंवतापावर वापरून पाहिला. म्हणजे हा मोठ्या घराण्यांतला आहे. जखमेवर कापसासारखी बुरशी आली, किंवा नायट्राइटाच्या विषानें माशाचें रक्त तपकिरी होऊन प्राणवायु वाहीनासें झालें, तर त्याचा उपयोग होतो. मात्रा लिटरला सुमारें २ मिलिग्रॅम. बाटलीवर ‘१ टक्का’ असें लिहिलें असेल, तर एका मिलिलिटरांत १० मिलिग्रॅम असतें. म्हणजे दहा लिटरांस २ मिलिलिटर. परंतु हें औषध मुख्य टांकींत कधींहि घालूं नये. केवळ वेगळ्या टबांत. त्याचा डाग हातावरून, फरशीवरून व कपड्यांवरून सहसा जात नाहीं, तेव्हां हातमोजे घालावेत.

म्हणून सहावी वस्तु हा टबच होय, माशांचा जणूं रुग्णालय-कक्ष. वीस-तीस लिटरांचा प्लास्टिकचा नवा टब, ज्याला साबण कधीं लागलेला नाहीं. एक हवेचा पंप. वर जाळी, कारण घाबरलेला मासा उडी मारतो. त्यांत वाळू नको, झाडें नकोत. तेथें उपकारक जंतूंची वस्ती नसल्यामुळें रोज निम्मे पाणी बदलावें व जेवढें पाणी बदललें तेवढ्याच हिश्शाचें औषध घालावें. याच टबांत बाजारांतून आणलेला प्रत्येक नवा मासा तीन-चार आठवडे वेगळा ठेवावा. रोग पाण्यांतून उत्पन्न होत नाहीं. बहुधा तो पिशवींतून विकत येतो.

सातवी वस्तु पोटॅशियम परमँगनेट, आपल्या बोलीभाषेंत ‘लाल औषध’, जें पूर्वीं विहिरींत टाकीत असत. हें माशासाठीं नव्हे, वस्तूंसाठीं. जाळी, टब, नव्या पाणवनस्पति निर्जंतुक करण्यास एक ग्रॅम एक लिटर पाण्यांत विरघळवून ठेवावें व त्यांतील १० मिलिलिटर एका लिटर पाण्यांत घालून त्यांत वस्तु दहा मिनिटें बुडवून स्वच्छ धुवाव्या. माशालाच त्यांत बुडविण्याची पद्धति आहे, पण जरा चूक झाली तर कल्ले जळतात. घरच्या माणसानें त्या वाटेस जाऊं नये. हे स्फटिक ग्लिसरीन, स्पिरिट किंवा फॉर्मलीन यांच्याजवळ कधींहि ठेवूं नयेत. त्यांच्या संयोगानें आग लागते.

आठवी वस्तु एप्सम सॉल्ट, म्हणजे आपल्या आजीच्या वेळचें जुलाबाचें मीठ. वाटोळ्या अंगाच्या सोनेरी माशांना बद्धकोष्ठ फार होतें. मग ते उलटे होऊन तरंगतात किंवा डोकें खालीं करून पोहतात. कोरडे दाणे भराभर गिळल्यानें पोट फुगतें व वाताशय दाबला जातो. अशा वेळीं दोन दिवस लंघन, मग उकडलेला व साल काढलेला मटाराचा दाणा बारीक करून द्यावा. बहुधा तेवढ्यानेंच मासा सरळ होतो. न झाल्यास दहा लिटरांस एक ते तीन ग्रॅम एप्सम सॉल्ट घालावें. खाण्याचे दाणे घालण्यापूर्वीं पाण्यांत भिजवले, तर ही वेळच येत नाहीं. परंतु माशाचें अंग फुगून सर्व खवले उभे राहिले असतील, तर तो बहुधा आंतील अवयव निकामी झाल्याचा जलोदर असतो. त्यांतून फार थोडे मासे उठतात, हें मनाशीं जाणून असावें.

नववी वस्तु बोथट टोंकाचा चिमटा, कापसाचे बोळे आणि पोव्हिडोन आयोडीन. कधीं माशाच्या अंगावर बारीक दोऱ्यासारखा कृमि अडकलेला दिसतो, कधीं मसुरीएवढी चपटी पारदर्शक ऊ. मासा ओल्या मऊ फडक्यांत धरून, कृमि अंगाजवळ पकडून सावकाश ओढावा, जखमेवर आयोडिनाचा बोळा टेकवावा, आणि लगेच मासा पाण्यांत सोडावा. डोळे व कल्ले यांना आयोडीन लागूं देऊं नये. हें सर्व अर्ध्या मिनिटांत झालें पाहिजे. म्हणून एकानें धरावें व दुसऱ्यानें काढावें.

पेटींत काय नसावें, हेंहि तितकेंच महत्त्वाचें आहे. फॉर्मलीन व मॅलाकाइट ग्रीन हीं द्रव्यें माणसासहि घातक आहेत. मुलांच्या घरांत तीं नकोत. आपल्याकरितां आणलेल्या प्रतिजैविकांच्या कुप्या फोडून टांकींत टाकण्याची चाल तर सर्वस्वीं सोडून द्यावी. तीं औषधें डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेण्याचीं नव्हेत. अदमासानें टाकल्यास उपकारक जंतु मरतात, आणि जे रोगजंतु वांचतात ते त्या औषधास निर्ढावतात. उद्यां तेच औषध आपल्या मुलास लागूं पडलें नाहीं तर दोष कोणाचा? हळद पाण्यांत विरघळत नाहीं, ती केवळ पाणी घाण करते. कडुनिंबाचा अर्क फार झाला तर माशासच बाधतो. माशांसाठीं पाणी तांब्याच्या हंड्यांत कधींहि भरून ठेवूं नये. आपल्याला जें आरोग्यदायक वाटतें तें तांबें माशाला विष आहे. तसेंच डांस मारण्याच्या उदबत्त्या, फवारे व विजेवर तापणारीं द्रव औषधें यांतील बहुतेक द्रव्यें माशांना फारच जहाल असतात. टांकीच्या खोलींत तीं लावूं नयेत, कारण हवेचा पंप तोच धूर ओढून पाण्यांत सोडतो.

आतां सर्वांचा क्रम थोडक्यांत सांगतों. मासा बिघडलेला दिसला कीं प्रथम तापमापक पहावा. मग अमोनिया व नायट्राइट तपासावें. मग मुरवलेल्या पाण्यानें चौथाई पाणी बदलावें. मग एक दिवस थांबावें, आणि या दिवसांत मासा नीट पहावा : ठिपके कोठें आहेत, पर मिटले आहेत कीं फाटले आहेत, खातो कीं नाहीं. रोग ओळखतां आला तरच, वेगळ्या टबांत, मोजून, एका वेळीं एकच औषध द्यावें. काय दिलें, किती व केव्हां, तें वहींत तारखेसह लिहावें. ही वही म्हणजे पेटींतील शेवटची वस्तु. आणि माझ्या अनुभवानें, सर्वांत स्वस्त व सर्वांत उपयोगी. पेटीला कुलूप असावें व प्रत्येक बाटलीवर नांव, प्रमाण व आणल्याची तारीख लिहिलेली असावी.

आणखी दोन विनंत्या करून पुरें करतों. औषधाचें पाणी विहिरींत, ओढ्यांत किंवा नदींत ओतूं नये. तें घरच्या सांडपाण्याच्या नळींतच सोडावें. आणि मासे नकोसे झाले, टांकी आवरावयाची ठरली, तरी ‘पुण्य लागेल’ म्हणून ते पाताळगंगेंत किंवा गांवच्या तळ्यांत सोडूं नयेत. घाटावरील तलावांचें पाणी १९१५ सालापासून खोपोलीस वीज निर्माण करून खालीं या नदींत येतें व वाटेंत किती गांवांची तहान भागवतें, हें आम्ही रोज पाहतों. परक्या देशाचा हा मासा तेथें तळ उकरून पाणी गढूळ करतो, स्थानिक माशांचीं अंडीं खातो, आणि आपल्या टांकींतला रोगहि त्यांना देतो. एखाद्या ओळखीच्या कुटुंबास तो द्यावा, हेंच खरें पुण्य.

माझ्या घरचा तो थोरला, ठिपक्यांचा मासा वांचला. पुढें कांहीं वर्षें दर माघांत त्याच्या कल्ल्यांवर पांढरे कण येत, आणि नातू पाहुण्यांना सांगे, “हा आजारी नाहीं, मोठा झाला आहे.” वहीच्या पहिल्या पानावर त्यानें आपल्या अक्षरांत, मेलेल्या लहान माशाची तारीख लिहून ठेवली आहे. औषधाची बाटली उघडण्यापूर्वीं तें पान एकदां पहावयाचें, असा आमच्या घरचा नियम आहे. आपल्या घरच्या वहीचें पहिलें पान कोरेंच राहो, इतकी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतों.